वीतभर हिरवं

आमच्या पोस्टाला दारं दोन.
एक चर्चच्या रस्त्याकडे, पितळी कडीचं,
दुसरं मागे, कोळशाच्या गोण्यांपाशी.
मधे छातीएवढी फळ्यांची भिंत.
तिकिटं दोन्हीकडे तीच,
मागचा डिंकसुद्धा तोच.
मी दोन्हीकडचं झाडलं. तेवीस वर्षं.
झाडूला कुणी विचारलं नाही
तू कुठल्या बाजूचा.

माझी बहीण डोर्थिया
सहासष्ट साली भिंतीपलीकडे गेली.
बोर्डाच्या साहेबाने तिच्या केसांत पेन्सिल खोचली,
पेन्सिल घरंगळली.
माझ्यात अडकली असती, म्हणून मी गेलोच नाही.
मग ती गावाच्या वरच्या अंगाला राहायला गेली
आणि दर महिन्याला पितळी कडीच्या दाराने यायची
तिकिटं घ्यायला.
आठ हातांवर मी.
ती नाणी मोजायची,
मी खाली बघून झाडायचो,
तिच्या चपलांचा कचरा वेगळा ओळखायचो.

भिंत काढली अपोलिस सुताराने.
फळ्या चांगल्या होत्या, त्याने घरी नेऊन
कोंबड्यांचं खुराडं केलं.
झटपट झालं ते तेवढंच.
खाली लिनोलियमवर एक पट्टा राहिला,
वीतभर रुंद,
ज्यावर कधी कुणाचं पाऊलच पडलं नव्हतं
म्हणून हिरवागार, कारखान्यातून आला तसा.
मी घासला. सोड्याने, रॉकेलने.
मळ असता तर निघाला असता.
तो स्वच्छपणा होता,
तो कशाने काढायचा?

एप्रिलात शाळेच्या हॉलबाहेर रांग लागली,
पार पाणचक्कीपर्यंत.
माझ्या मागे पोस्टमास्तरीणबाई, मिसेस स्टीनकाम्प.
काउंटरशिवाय त्यांना कधी पाहिलं नव्हतं,
एवढ्या बुटक्या असतील वाटलं नव्हतं.
चार तास. काय बोलावं दोघांना सुचेना.
शेवटी म्हणाल्या, विंडफोगेल,
फरशीला मेण कधी लावणार?
म्हटलं, लावतो.
आत हातांवर काहीतरी फवारलं, दिसलं काहीच नाही.
निळ्या दिव्याखाली धरले
तेव्हा चकाकले.
बाहेर उन्हात पुन्हा जुनेच हात.

पोस्टावर नवा झेंडा आला.
कुठली बाजू वर ते कुणाला ठाऊक?
दोन दिवस उलटा फडकत होता,
सगळे त्याच्याकडे बघून रडत होते.

मे महिन्यात नोसान्गो मावशी पेन्शनला आल्या,
मागच्या दाराने.
म्हटलं, मावशी, पुढचं उघडं आहे.
म्हणाल्या, ठाऊक आहे रे, इकडून जवळ पडतं.
जवळ पडत नाही.
अख्ख्या चर्चला वळसा पडतो.

आणि लोक चालता चालता पट्ट्यापाशी
पाऊल किंचित लांब टाकतात.
गोरे, काळे, आम्ही मधले,
जसं कुणी तिथे झोपलंय.

बाईंनी काथ्याची चटई आणून त्यावर घातली.
म्हणाल्या, आता दिसणार नाही.
चटईखाली तो आणखी वीस वर्षं हिरवा राहील
हे मी त्यांना सांगितलं नाही.

जूनमध्ये डोर्थिया आली. थंडी होती.
तिकिटं घेतली, पाकीट बंद केलं,
आणि वळली नाही.
चटईच्या काठापर्यंत आली.
केस पिकलेत तिचे. आता पेन्सिल टिकेल की पडेल
कुणास ठाऊक.
म्हणाली, झाडून झालं?
अठ्ठावीस वर्षांनी, एवढंच.
म्हटलं, व्हायचंय.
ती थोडा वेळ उभी राहिली,
मग पितळी कडी वाजली.

हल्ली संध्याकाळी दोन्ही दारं लावून
मी चटई गुंडाळतो
आणि जाड तळाचे बूट घालून
त्या हिरव्यावरून चालतो.
भिंतीपासून भिंतीपर्यंत, परत,
चाळीस फेऱ्या.
पगारात हे काम नाही.
कडेला जरासं काळवंडलंय,
की दिव्याची सावली आहे,
उद्या उजेडात बघेन.